नकाशातली मोकळी जागा

जुलै २०२५ मध्ये विजयदुर्गचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. मराठ्यांच्या लष्करी इतिहासाची साक्ष म्हणून जे बारा किल्ले निवडले गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. अकरांपैकी दोन आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातले. एक मालवणचा सिंधुदुर्ग आणि दुसरा देवगड तालुक्यातला, वाघोटण खाडीच्या मुखावरचा विजयदुर्ग. सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ सालीच जाहीर झाला होता. पण गेली अनेक वर्षे पर्यटकांची गर्दी मालवण-तारकर्लीला आणि विजयदुर्गात तुरळक माणसे, असेच चित्र होते. आता ते बदलेल अशी सर्वांची खात्री आहे. मुंबई-विजयदुर्ग बोटीचीही २०२५ मध्ये घोषणा झाली. साहजिकच गावातले लॉज, खानावळी आणि घरगुती निवास यांच्या मालकांनी रंगारी, सुतार आणि आर्किटेक्ट यांना गाठले आहे. जो तो आपल्या हॉटेलचे तोंड नव्याने रंगवू पाहतो आहे.

अशाच एका लॉजच्या नूतनीकरणाचे नकाशे मला आणि आमच्या गटातल्या काहीजणींना पाहायला मिळाले. लॉजचे नाव देत नाही. दोष एका मालकाचा नाही आणि पुढे जे लिहिणार आहे ते किनाऱ्यावरच्या कोणत्याही लॉजला लागू पडेल. नकाशे तीन होते. पहिला दर्शनी भागाचा, म्हणजे रस्त्यावरून इमारत कशी दिसेल याचा. दुसरा पाट्यांचा आणि दिव्यांचा. तिसरा बागेचा, ज्याला आर्किटेक्ट ‘लँडस्केपिंग’ म्हणतात. गटातल्या बाया या लॉजला सीझनमध्ये मोदक, घावणे, सोलकढी पुरवतात म्हणून मालकांनी आपुलकीने कागद समोर ठेवले. वर म्हणाले, “काकी, रंग बरो दिसता काय तेवढा सांगा.”

बायांना रंगाबद्दल विचारण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे. घर बांधताना खोल्या किती, दार कुठे, कर्ज किती हे पुरुषांनी ठरवायचे आणि पडद्याचा रंग बाईने निवडायचा. त्यात तिचा मान राखल्याचे समाधानही असते. पण त्या दिवशी एका मासेवाल्या काकींनी रंगाकडे पाहिलेच नाही. त्यांनी तिसऱ्या नकाशावर बोट ठेवून विचारले, “हयसर गडगो घातल्यार आमी जावचा खयसून?”

या लेखात मला एवढेच सांगायचे आहे की हा प्रश्न बाईने विचारण्याचा आहे आणि तो नकाशा मंजूर होण्याआधी विचारण्याचा आहे. हॉटेलचा दर्शनी भाग, पाटी आणि बाग या सौंदर्याच्या गोष्टी म्हणून आपल्यापुढे येतात. प्रत्यक्षात प्रत्येक रेषेने कोणाची तरी वाट, कोणाचे तरी पाणी आणि कोणाच्या तरी कामाची जागा ठरते. कोकणच्या किनाऱ्यावर ही वाट, हे पाणी आणि ही जागा बहुतेक वेळा बाईची असते.

गडगा

काकींनी बोट ठेवले होते त्या ठिकाणी नकाशात ‘मोकळी जागा’ असे लिहिले होते. आर्किटेक्टच्या दृष्टीने ते खरेच आहे. तिथे इमारत नाही, झाड नाही, विहीर नाही. पण रस्त्यावरून खाली पुळणीकडे जाणारी पाणंद त्या जागेतून जाते. सकाळी होड्या लागल्या की बाया तिथून उतरतात, मासळी घेऊन वर येतात आणि एसटी पकडतात. पावसाळ्याआधी त्याच जागेच्या कडेला बांगडे आणि सुकट वाळत पडते. वर्षभराची पुंजी त्या सुकटीत असते. होडी आणि जाळे पुरुषाच्या नावावर असेल, पण मासळी किनाऱ्याला लागल्यानंतरचे सगळे काम बाई करते. वेचणे, खारवणे, वाळवणे, विकणे आणि उधारी वसूल करणे यांपैकी कशालाही नकाशात खूण नाही. म्हणून ती जागा ‘मोकळी’ ठरली, आणि नव्या नकाशात तिच्याभोवती पाच फुटी चिऱ्याचा गडगा, मध्ये कारंजे आणि समुद्राकडे तोंड केलेली बाकडी आली.

हे काही विजयदुर्गातच घडते असे नाही. शेजारच्या गोव्यात पणजीजवळ वायंगिणीच्या किनाऱ्यावर सिदाद द गोवा हे मोठे हॉटेल आहे. तिथे किनाऱ्यावर जाणारी लोकांची जुनी वाट होती. सरकारने हॉटेलसाठी जमीन मिळवून दिली तेव्हा लोकांची ये-जा चालू राहील अशी अट होती. पुढे हॉटेलचा विस्तार झाला आणि वाट अडली. नागरिक न्यायालयात गेले. २००० साली मुंबई उच्च न्यायालयाने आणि २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. समुद्रकिनाऱ्यासारखी संपत्ती सरकारकडे जनतेची विश्वस्त म्हणून असते, ती कोणाच्या खाजगी सोयीसाठी अडवता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि वाट अडवणारे बांधकाम पाडण्यास सांगितले. लोक जिंकले. पण त्याच वर्षी गोवा सरकारने भूसंपादनाच्या कायद्यातच दुरुस्ती केली आणि बांधकाम वाचले.

या गोष्टीतून मी दोन बोध घेते. एक, वहिवाटीची वाट ही भीक नव्हे, तिला कायद्याचा आधार आहे. दुसरा, भिंत उभी राहिल्यानंतर सर्वोच्च न्यायालयात जिंकूनही ती पडेलच असे नाही. कागदावरची रेषा रबराने पुसता येते, चिरा बसल्यावर तेच काम फार महाग पडते.

किनारा नियमनाच्या अधिसूचना १९९१, २०११ आणि २०१९ साली आल्या. त्यांतल्या सवलती वाढत गेल्या हे खरे, आणि त्याबद्दल आपली तक्रारही आहे. तरी किनाऱ्यावरच्या हॉटेलांसाठी परिशिष्टात ज्या अटी आहेत त्या आपण पाठ कराव्यात अशा आहेत. कुंपण जिवंत झाडांचे किंवा झाडे लावलेले तारेचे असावे आणि त्याने लोकांचे किनाऱ्यावर जाणे अडता कामा नये. दोन हॉटेलांमध्ये किनाऱ्याकडे जायला किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा हवी. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत जमिनीतले पाणी उपसता येणार नाही, आणि त्यापुढे ५०० मीटरपर्यंत भूजल खात्याच्या संमतीशिवाय नाही. जुन्या, छोट्या लॉजला यातली प्रत्येक अट तशीच लागू होईल असे नाही. पण कोणी “माझी जागा, मी काहीही करेन” म्हणाले तर किनाऱ्यावर तसे नसते, हे सांगायला या अटी पुरेशा आहेत.

हिरवळ

बागेच्या नकाशात तीन गुंठे हिरवळ होती. चित्रात ती फार सुंदर दिसते. आमच्यातल्या कोणीतरी म्हटले, बरे आहे की, डोळ्यांना गार वाटेल. मग आम्ही हिशेब मांडला.

एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. भर उन्हाळ्यात असली हिरवळ हिरवी ठेवायची तर तिला दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे एका चौरस मीटरला पाच लिटर. एका गुंठ्याला ५०० लिटर आणि तीन गुंठ्यांना १५०० लिटर, तेही रोज. पंधरा लिटरचा हंडा धरला तर शंभर हंडे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावे असे ठरवले. त्या मापाने ही हिरवळ सत्तावीस माणसांचे पाणी पिणार.

कोकणात पाऊस धो धो पडतो, मग पाण्याची चिंता कसली, असे घाटावरच्या मैत्रिणींना वाटते. पण आमची जमीन जांभ्याची. चाळणीत ओतावे तसे पाणी खाली निघून जाते. एप्रिल-मे मध्ये विहिरी तळाला जातात. खाडीच्या तोंडाशी असलेल्या विहिरीतून जास्त उपसा केला की खारे पाणी आत येते आणि ती विहीर शेजारच्या चार घरांच्याही कामाची राहत नाही. नेमक्या त्याच दिवसांत आंब्याचा हंगाम, मुलांच्या सुट्ट्या आणि पर्यटकांची गर्दी असते. हिरवळीला पाणी हवे तेही त्याच दिवसांत. मग पहाटे चार वाजता उठून पाणी भरण्याची पाळी कोणावर येते, ते या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

मालकांचे म्हणणेही आम्ही ऐकले. पाहुण्याला फोटो काढायला हिरवे काहीतरी लागते, नुसत्या मातीत तो राहणार नाही, असे ते म्हणाले. त्यांचे चुकत नाही. पण हिरवे म्हणजे परदेशी गवत आणि रांगेत लावलेले बाटलीसारखे पाम हे कोणी ठरवले? उंडी, करंज, बकुळ, केवडा, जास्वंद, अबोली ही आमच्या किनाऱ्याची झाडे आहेत. एकदा जीव धरला की खाऱ्या वाऱ्यातही टिकतात, लाड मागत नाहीत. सुरंगीच्या कळ्या तर आमच्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याकडच्या बाया माघ-फाल्गुनात पहाटे काढतात, वळेसर करून विकतात. दारात रातांब्याचे झाड असेल तर पाहुण्यांच्या ताटातली सोलकढी कुठून आली ते दाखवता येईल. हिरवळीच्या जागी शेणाने सारवलेले किंवा जांभ्याच्या फरशीचे खळे केले आणि वर माडाच्या झावळांचा मांडव घातला, तर पाणी वाचेल आणि ते कोकणातले घर वाटेल. आणि झाडांना पाणी द्यायचेच तर न्हाणीघरांचे आणि कपडे धुण्याचे पाणी गाळून द्यावे.

तिथेच दुसरा प्रश्न आला. चादरी, टॉवेल आणि पडदे धुण्याची जागा तिन्ही नकाशांत कुठेच नव्हती. दहा खोल्यांच्या लॉजमध्ये सुट्टीच्या दिवसांत वीस-वीस चादरी निघतात. त्या धुणारी बाई ऊन अंगावर घेत, मागच्या चिखलात उभी राहून धुते. साबणाचे पाणी वाहत शेजारच्या विहिरीकडे जाते. समोरच्या कारंज्यासाठी नकाशात तीन मापे दिली होती. मागच्या धुण्याच्या दगडाला एकही माप नव्हते.

पाटी

आमच्याकडे मासे विकणारी बाई डोक्यावर घेते ती पाटी, आणि दुकानावर लावतात तीही पाटी. नव्या नकाशात या दोन पाट्या समोरासमोर आल्या होत्या. दर्शनी भिंतीवर एक मोठे चित्र प्रस्तावित होते. नऊवारी गुडघ्यापर्यंत कसलेली, नथ घातलेली, कमरेत वाकलेली, हसणारी कोळीण आणि तिच्या डोक्यावर माशांची पाटी. खाली नाव इंग्रजीत मोठे आणि मराठीत बारीक. आणि दाराशी एक छोटी सूचना: ‘फेरीवाल्यांना प्रवेश नाही’.

म्हणजे भिंतीवरच्या कोळणीने यायचे, पण जिवंत बाईने नाही. शिवाय चित्रातली वेशभूषा मुंबईच्या कोळीवाड्याची. आमच्या किनाऱ्यावर मच्छीमारी करणारे बरेचसे लोक गाबीत समाजाचे. त्यांच्या बायकांचे नेसणे, बोलणे, दागिने वेगळे. पर्यटकाला काय कळते, असे म्हणून कुठलीही बाई कुठेही रंगवली जाते. गोव्यात ऐंशीच्या दशकात ‘बायलांचो साद’ या स्त्रियांच्या गटाने पर्यटनाच्या नावाखाली बाईची प्रतिमा कशी विकली जाते हा प्रश्न पुढे आणला. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा कायदा १९८६ चा. आमच्या लॉजचे चित्र त्या कायद्यात बसण्याइतके वाईट नव्हते. पण बाई ही सजावट आणि तिचे काम ही अडचण, हा विचार त्यात होताच. आम्ही म्हटले, चित्राचे पैसे वाचवा आणि दारापाशी सावलीत दोन बायांना मासे घेऊन बसायला ओटा बांधा. पाहुण्यांना ताजी मासळी कुठे मिळते ते वेगळे सांगावे लागणार नाही.

पाट्यांबद्दल कायदाही काही म्हणतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. नामफलक देवनागरीत, मराठीत असलाच पाहिजे आणि मराठी अक्षरे इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालणार नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत अशा पाट्या लावण्यास सांगितले. याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आहे जी विजयदुर्गसारख्या गावात विशेष लागू पडते. जिथे दारू विकली किंवा दिली जाते, त्या आस्थापनेला थोर व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावे देता येत नाहीत. किल्ल्याचे नाव लावून आत बार काढू पाहणाऱ्याला हे ठाऊक असायला हवे, आणि दारूबंदीसाठी झगडलेल्या आपल्या गटांनाही. माझ्या मते नावाचा मान राखण्यावर थांबून भागणार नाही. बारचे दार कुठे उघडते, त्याच्या समोरून शाळेच्या मुली आणि एसटीला जाणाऱ्या बाया जातात का, हेही नकाशातच बघायचे असते.

आणखी एका पाटीबद्दल. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. १९९७ च्या विशाखा निकालानंतर आपण सोळा वर्षे त्याची वाट पाहिली. त्या कायद्याच्या कलम १९ नुसार मालकाने छळाचे परिणाम काय होतात हे कामाच्या जागी ठळक दिसेल असे लावायचे असते. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर अंतर्गत समिती नेमायची आणि तिचा आदेशही लावायचा. दहापेक्षा कमी असतील, आणि छोट्या लॉजमध्ये बहुधा असतातच, तर बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करायची. खोल्या झाडणाऱ्या, एकटीने बंद दाराआड पाहुण्याच्या खोलीत जाणाऱ्या बाईला हे कोण सांगणार? आमच्यापुढे ठेवलेल्या नकाशात एकूण चौदा पाट्या होत्या. ‘स्वागत’ होते, ‘वायफाय’ होते, ‘फुले तोडू नये’ होते. ही पाटी नव्हती. ती पंधरावी म्हणून आम्ही पेन्सिलीने लिहिली, आणि जागा सुचवली ती चादरींच्या कपाटाशेजारची, कारण कामवाल्या बाया तिथे रोज थांबतात.

‘घरगुती जेवण’ ही पाटीही जरा थांबून वाचा. ते घर कोणाचे आणि ती चूल कोणाची? कितीतरी खानावळींवर आईचे नाव असते, वहिनींचे असते, पण परवाना, बँकेचे खाते आणि सातबारा मालकांच्या नावावर. पाटीवर बाईचे नाव फुकट येते, कागदावर यायला झगडावे लागते. राज्य सरकारने २०२३ साली पर्यटनात स्त्रियांसाठी ‘आई’ नावाचे धोरण आणले. त्यात बाईच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळू शकतो. बाईसाठी काही करायचे म्हटले की ‘आई’च का आठवते, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. पण ज्या खानावळीत राबते ती बाई, तिथे मालकी तिची व्हावी यासाठी हे धोरण वाचून पाहावे.

आडोसा

आता दर्शनी भागाचा नकाशा. त्यात रात्रीच्या दिव्यांची आतषबाजी होती. माड खालून उजळलेले, नाव मागून उजळलेले. पण गेटपासून एसटी थांब्यापर्यंतच्या अंधाऱ्या वाटेवर एकही दिवा नाही, आणि कामावरच्या बाया रात्री त्याच वाटेने घरी जातात. आस्थापना कायद्यानुसार बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी आणि तिच्या संरक्षणाची व्यवस्था हवी. सीझनमध्ये जेवणे आटपून भांडी होईपर्यंत अकरा वाजतात. माडावरचे दोन दिवे काढून वाटेवर लावले तर खर्च वाढणार नाही.

आणि शौचालय. त्याबद्दल सांगताना बाया अजूनही आवाज खाली आणतात. किल्ला बघायला आलेल्या बाया, एसटीची वाट पाहणाऱ्या, मासे विकणाऱ्या, शाळेच्या सहलीतल्या मुली, या सगळ्या तास न् तास पाणी न पिता काढतात. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ मोहिमेने हा विषय चारचौघांत मांडला, पण गावागावांत तो पोचायचा आहे. लॉजच्या नकाशात बाहेरून येणाऱ्यांसाठी शौचालय नव्हते, आणि कामवाल्या बायांसाठीही नव्हते. विचारल्यावर उत्तर मिळाले, “किल्ल्याच्या जवळ आहे ना, पुरातत्त्व खाते काही बांधू देत नाही.”

हे उत्तर आपण नीट तपासायला हवे, कारण ते सगळीकडे दिले जाते. विजयदुर्ग हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित क्षेत्रापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियमित क्षेत्र. प्रतिबंधित भागात नवे बांधकाम नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतींची दुरुस्ती आणि नूतनीकरण परवानगी घेऊन करता येते. पण त्याच कायद्यात ‘बांधकाम’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यातून सार्वजनिक शौचालये, मुताऱ्या, गटारे आणि लोकांना पाणी पुरवण्याची कामे वगळलेली आहेत. म्हणजे हॉटेलची कमान अडू शकते, पण सार्वजनिक शौचालयाला ‘बांधकाम आहे’ म्हणून अडवणे कायद्याच्या शब्दांत बसत नाही. पुढच्या वेळी असे उत्तर मिळाले तर हे कलम वाचून दाखवा. शौचालय झाल्यावर ते साफ कोण करणार, हेही त्याच बैठकीत ठरवा. ते काम ठरावीक जातीच्या बाईच्या गळ्यात कमी पैशांत पडता कामा नये. टाकीत माणूस उतरवणे तर २०१३ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

आपसातले बोलणे

हे सगळे आम्ही एकमताने केले असे नाही. आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, जास्त बोललो तर जेवणाचे काम दुसरीकडे जाईल. त्यांचे म्हणणे खोटे नाही. गटाचे त्या कामावर दोन महिने चालते. दुसऱ्या बाजूला मासेवाल्या काकींना लॉजकडून काहीच मिळत नाही, त्यांची फक्त वाट जाणार होती. एकाच वाडीतल्या दोन बायांचे हित एका गडग्याच्या दोन बाजूंना आले. अशा वेळी ‘आपण सगळ्या बाया एक’ एवढे म्हणून भागत नाही. आम्ही ठरवले की ज्यांचे काम लॉजवर अवलंबून आहे त्यांनी बोलायचे नाही, ज्यांचे नाही त्यांनी बोलायचे. मागण्या गटाच्या नावाने जातील, कोणा एकीच्या नावाने नाही.

मालकही गावचेच आहेत. त्यांच्यावर बँकेचे कर्ज आहे, आणि त्यांची बायको पहाटे पाचपासून स्वयंपाकघरात असते. धुण्याच्या जागेवर पत्रा हवा, ही आमची मागणी खरे तर त्यांनीच मागच्या दाराशी उभ्या राहून आम्हाला सुचवली. दोन बैठकांनंतर गडगा पाणंदीच्या अलीकडे सरकला. बाहेरून दार असलेले शौचालय नकाशात आले, वाटेवर दोन दिवे आले. कोळणीचे चित्र राहिले आहे आणि हिरवळीवरून वाद चालू आहे. सध्या ती तीन गुंठ्यांवरून एकावर आली आहे. दिवसाचे ५०० लिटर आम्हाला अजूनही जास्त वाटतात.

पण मालक भले होते म्हणून कागद दिसले, यावर आपण विसंबून राहू शकत नाही. उद्या बाहेरचा पैसेवाला येईल, तो काकी म्हणून रंग विचारायलाही येणार नाही. त्यासाठी आपल्या हातात साधने आहेत. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बहुतेक गावांत ती रजिस्टरवर सह्या घेऊन उरकली जाते. ती खरी भरवा. ग्रामपंचायतीकडे हॉटेलच्या नाहरकतीचा अर्ज आला की नकाशासह तो महिला सभेत मांडा, असा ठराव करून घ्या. नकाशा देत नसतील तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली प्रत मागा. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत, त्या सदस्य मैत्रिणींना आधी नकाशा वाचायला शिकवा. उत्तर दिशा, प्रमाण, भरतीरेषा आणि विहिरीच्या खुणा समजायला एक दुपार पुरते.

नकाशा समोर आला की इतके विचारावे. या जागेतून आज कोण जाते आणि इथे कोण काम करते? पाणी कुठून येणार आणि मे महिन्यात किती? सांडपाणी कोणाच्या विहिरीकडे जाणार? दिवे कोणाच्या वाटेवर? बाहेरच्या बाईला शौचालय कुठे? कामावरच्या बाईला बसायला, जेवायला, कपडे बदलायला जागा कुठे? पाट्यांमध्ये तिच्या हक्काची पाटी कोणती? आणि ‘मोकळी जागा’ असे जिथे लिहिले आहे तिथे प्रत्यक्ष जाऊन, सकाळी सहा वाजता, उभे राहून पाहावे.

रत्नागिरी, रायगड आणि पालघरच्या किनाऱ्यावर, तसेच पन्हाळा, लोहगड, शिवनेरी, राजगड अशा यादीतल्या इतर किल्ल्यांच्या पायथ्याशीही आता हेच होणार आहे. तिथल्या गटांनी आपापल्या गावातल्या एका तरी हॉटेलचा नकाशा असा वाचून पाहावा, आणि काय आढळले, काय बदलून घेता आले आणि काय नाही, ते आम्हाला लिहून कळवावे. पुढच्या अंकात ते सर्व एकत्र देण्याचा विचार आहे.